नाकानं सोललेले कांदे

११ मार्च

आज नवी वही काढली. जुनीत पानं उरली होती, पण आजची गोष्ट ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि कुत्र्याच्या खाण्याच्या शेजारी लिहिण्याजोगी नाही. मी, एल्डन प्रूइट, सोडा गल्च हायस्कूलचा निवृत्त उपमुख्याध्यापक, रानफूल मंडळाचा तहहयात अध्यक्ष, आज एक नवीकोरी जात शोधून बसलोय!

त्याचं असं झालं. सकाळी बायकोशी, लुपेशी, वाजलं. कारण सूप. मी म्हटलं, "लुपे, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" ती म्हणाली, "म्हाताऱ्या, त्यात चार मिरच्या आहेत. माझी जीभ भाजतेय." भाजत असेल. जानेवारीतल्या त्या तापापासून बघतोय, हिच्या हाताची चव पार गेली. कॉफी तशीच, बीन्स तसेच. वय झालं बिचारीचं. मी मोठ्या मनानं काही बोललो नाही, फक्त दार आपटलं आणि गाढवटेकडीवर गेलो.

झऱ्याच्या जरा वर, खडकांच्या फटीत ती उभी होती. वीतभर दांडा, टोकाला पांढऱ्या फुलांचा झुबका, प्रत्येक पाकळीवर मधोमध तपकिरी रेघ. कुणीही म्हणेल, रानकांदा. पण मी म्हणजे कुणीही नव्हे. मी पान चुरडलं, नाकाशी धरलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला. काही नाही! पुन्हा चुरडलं. तरी काही नाही. डोळे तेवढे चुरचुरले, ते आनंदानं.

दिसतं कांद्यासारखं आणि कांद्याचा वास नाही, ते फूल म्हणजे म्युइला. हे घराणं अगदी लहान, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जातींचं. कांद्याचं शास्त्रीय नाव ॲलियम. दीडशे वर्षांपूर्वी एका विद्वानानं तीच रोमन अक्षरं उलटीकडून लिहिली आणि झालं म्युइला. कांदा नसलेला कांदा, म्हणून उलटा कांदा. आता म्युइलाची पानं गोलसर असतात आणि माझ्या फुलाची चपटी आहेत. म्हणजे जात नवीन! म्युइला प्रूइटी. एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. खाली चरणाऱ्या गाढवानं मान वर केली.

आणि नेमकी हीच टेकडी खडीवाल्या कंपनीला फोडायचीय. टेकडी गेली की झरा गेला, आणि झरा गेला की गाव उठलं, कारण आमच्या नळांना दुसरं पाणीच नाही. एप्रिलमध्ये काउंटीपुढे, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांपुढे, सुनावणी आहे. दुर्मीळ फूल निघालं तर टेकडीला हात लावता येत नाही, असा नियम आहे. थोडक्यात, गाव मी वाचवणार. फुलाला नाव माझं लागेल, पण तो मुद्दा दुय्यम आहे.

१२ मार्च

दिवसभर पुस्तकं काढून बसलो. या म्युइलाचं कूळ ठरवताना विद्वानांच्या नाकी नऊ आलेत. आधी बिचारीला लिलीच्या कुळात घातलं. मग कुणी म्हणालं, छे, कांद्याचीच चुलतबहीण. मग वेगळं बिऱ्हाड करून दिलं. आता म्हणतात शतावरीच्या कुळात. चार सासरं झाली आणि पोरगी अजून आहे तिथेच उभी, खडकात. शतावरी आणि हिचा काय संबंध, हे माझ्यासारख्या माणसाला एकदा विचारलं असतं तर!

लुपेला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हात धू आधी. जेवायला बस." मी म्हटलं, "हात स्वच्छ आहेत." ती माझ्याकडे बघत राहिली. शास्त्राची तिला आवड नाही.

१५ मार्च

मंडळाची तातडीची बैठक, डेलमार कॉबच्या खानावळीत. हजर तिघं: मी, डेलमार, आणि चिटणीस बर्निस योडर, जिची जीभ तिच्या वयापेक्षा लांब आहे. मी अख्खं रोप कंदासकट प्लेटमध्ये ठेवून वीसेक मिनिटं बोललो. मग पान चुरडून दोघांच्या हाती दिलं.

बर्निसनं पान नाकाशी नेलं आणि खोकली. डेलमारनं चष्मा काढून डोळे पुसले. मग दोघं एकमेकांकडे बघत बसले. मी वर्गात अशी शांतता फार थोड्या वेळा पाहिलीय.

"एल्डन," बर्निस म्हणाली, "तुला याला खरंच काही वास येत नाही?"

"अजिबात नाही."

"काउंटीपुढे शपथेवर सांगशील?"

"बायबलवर हात ठेवून सांगेन! खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही, हे गावाला माहीत आहे."

"माहीत आहे ना. म्हणून तर." ती डेलमारकडे वळली. "मग ठरलं. साक्षीला हाच. आपण कुणी तोंड उघडायचं नाही."

डेलमार म्हणाला, "कंद कापून बघितलास का, मास्तर?"

मी त्याला सुनावलं. नमुना कधी कापत नसतात. तो दुकानातला बटाटा आहे का? डेलमारनं मला ॲपल पायचा तुकडा फुकट दिला. चव नव्हती, पण भावना पोचली. खानावळवाल्यापासून चिटणिसापर्यंत सगळ्यांनी माझ्या ज्ञानापुढे माघार घेतली, यानं मन भरून आलं.

१९ मार्च

आमचा कुत्रा पिकल्स काल झुडपात कशाच्या तरी मागे धावला. बर्निस म्हणते, स्कंक होता आणि त्यानं कुत्र्यावर आपला तो घाणेरड्या वासाचा फवारा मारला. ही बाई राईचा पर्वत करते. मी पिकल्सला जवळून हुंगून पाहिलं, एकदम स्वच्छ. नेहमीसारखा पलंगावर घेतला. लुपे मात्र उशी उचलून बाहेर गाडीत जाऊन झोपली. काय बिनसलंय कळत नाही. सकाळी टपालवाली आली ती फाटकापासूनच परत फिरली, पत्रं कुंपणावर ठेवून.

मोठं काम हाती घेतलं की माणूस एकटा पडतो. वाचलं होतं, आता अनुभव येतोय.

२४ मार्च

विद्यापीठाला दोन रोपं खोक्यातून पाठवली होती. आज तिथल्या बाईंचा फोन आला, डॉ. स्ट्रँड. म्हणाल्या, "मिस्टर प्रूइट, तुमचं खोकं उघडलं आणि आमच्याकडे सगळ्यांनी खिडक्या उघडल्या."

मी म्हटलं, "मला कल्पना आहे. उजेडात नीट दिसतं."

त्यांनी विचारलं, "तुम्ही पान चुरडून बघितलंत?"

"अनेकदा."

"आणि?"

"काही नाही."

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "फुलावरून मी काहीच सांगणार नाही. बी लागतं. फळ धरलं की पाठवा, मग बोलू." फार जपून बोलतात या. हेवा असणार. टेकडीवर न चढता नवी जात कुठून सापडायची?

पण खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर जरा अस्वस्थ वाटलं. त्या इतका वेळ गप्प का होत्या?

३ एप्रिल

आज अक्षराला माफी.

दुपारी लुपे चर्चच्या कामाला गेली होती. मी बीन्सचं भांडं शेगडीवर चढवलं, बटण फिरवलं आणि भाषणाचा मसुदा लिहीत बसलो. ज्योत पेटलीच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. तासाभरानं भांडं थंडच दिसलं, म्हणून काडेपेटी घेतली. काडी ओढणार तेवढ्यात दार उघडलं आणि लुपेनं अशी किंकाळी फोडली की पेटी माझ्या हातून पडली. तिनं मला दंडाला धरून फरफटत अंगणात नेलं. पिकल्स आमच्याआधीच बाहेर पळालेला.

"गॅस!" ती ओरडली. "रस्त्यापर्यंत वास येतोय, एल्डन! रस्त्यापर्यंत!"

मी म्हटलं, "मला तर..."

"तुला नाही येत! तुला कशाचाच येत नाही! तापापासून येत नाही! सुपाचा नाही, कुत्र्याचा नाही, गॅसचा नाही!" आणि अंगणातच मातीत बसून रडायला लागली. "मी मेले असते तर बरं, हे बघायला नको होतं. मिरच्या घालून घालून माझी जीभ गेली. एकदा, एकदा तरी तुझ्या तोंडातून येईल म्हणून वाट बघत होते की, लुपे, मला काहीतरी झालंय."

मी तिच्या शेजारी बसलो. मला भीती वाटली, फार भीती वाटली. गॅसची नव्हे. एवढे महिने ही बाई घाबरत होती आणि मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होतो.

४ एप्रिल

सकाळी फडताळातून नमुना काढला. ज्याला कापायचं नसतं असं मी डेलमारला सुनावलं होतं, तोच. फळीवर ठेवून मधोमध सुरी घातली.

म्युइलाचा कंद आतून भरीव असतो. याचे पापुद्रे सुटले. एकाखाली एक, पांढरे, ओलसर. वास काही आला नाही, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. नाक मेलं तरी डोळे जिवंत होते.

कांदा. माझी म्युइला प्रूइटी म्हणजे कांदा.

६ एप्रिल

बर्निस आली होती. दारातूनच विचारलं, "लुपेनं सांगितलं. तब्येत कशी आहे नाकाची?"

मी विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या मिनिटापासून. पानच चुरडून दिलंस ना माझ्या हातात! माझी बोटं तीन दिवस वास मारत होती. डेलमारलाही माहीत होतं, टपालवालीलाही. अख्ख्या गावाला माहीत होतं, मास्तर."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत."

"बनवायला कशाला लागतंय? तू तयारच होतास." मग जरा नरमली. "हे बघ. आम्ही कुणी शपथेवर म्हणालो असतो की वास येत नाही, तर ते खोटं झालं असतं. सोडा गल्चमध्ये हे खरेपणानं सांगू शकणारा एकच माणूस होता. जन्मभर नाकानं कांदे सोलत आलास, एल्डन. म्हटलं, एकदा गावाच्या कामी येऊ दे."

मी म्हटलं, "आता मला माहीत आहे. आता मी साक्ष देणार नाही."

"का? वास येतो का आता?"

"नाही."

"मग खोटं काय बोलायचंय तुला? विचारलं तर म्हणायचं, मला येत नाही. एवढंच. पाणी तूही पितोस ना तेच?"

'मला वास येत नाही' म्हटलं तर खोटं नाही, पण कापलेल्या कंदाचं लपवलं तर खरंही नाही, असा हा वांधा. आणि साक्ष दिलीच नाही तर झरा जाणार तो जाणारच.

१४ एप्रिल

सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

सभागृह भरलेलं. गाव झाडून आलं होतं. व्यासपीठावर अध्यक्षा मिसेस ट्रुहिलो, खाली कंपनीचा वकील पेंडरग्रास, तेल लावल्यासारखा गुळगुळीत. मी शपथ घेतली.

पेंडरग्रासनं टेकडीवरचं एक रोप आणलं होतं. पान चुरडून माझ्या नाकाखाली धरलं. "मिस्टर प्रूइट, आपण म्हणता की याला कांद्याचा वास येत नाही?"

"मला येत नाही," मी म्हणालो. मागून बर्निसचा सुस्कारा ऐकू आला.

वकील हसला. खिशातून दुकानातला मोठा लाल कांदा काढला, तिथल्या तिथे सुरीनं दोन तुकडे केले आणि एक माझ्या तोंडासमोर आणला. "आणि याला?"

माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. समोर सगळं गाव बसलेलं, चेहरे धूसर. लुपे तिसऱ्या रांगेत. 'मला वास येत नाही' हे वाक्य अजूनही खरं होतं. तेवढंच म्हणून खाली उतरलो असतो तर कुणी मला खोटारडा म्हटलं नसतं. पण तिच्याकडे बघून ते म्हणवेना.

"यालाही येत नाही," मी म्हणालो. "मला कशाचाच वास येत नाही. जानेवारीच्या तापात माझं नाक गेलं. मी ते कबूल केलं नाही, बायकोजवळसुद्धा नाही. माझ्या नाकावर कुणी विसंबू नये. घरी एक कंद मी कापून बघितला, त्याचे पापुद्रे निघतात. टेकडीवरचं ते फूल म्हणजे कांदाच आहे."

मागून कुणीतरी "हाय रे देवा" म्हणालं. बहुतेक डेलमार. पेंडरग्रासनं सुरी रुमालाला पुसली. "माझं काम झालं. कांद्यासाठी टेकड्या राखत नसतात."

मिसेस ट्रुहिलो सभागृहाकडे वळल्या. "इथे बाकी कुणाचं नाक शाबूत असेल तर त्यांना काही सांगायचंय?"

बर्निस उभी राहिली. "मला सर्दी झालीय."

डेलमार उभा राहिला. "मलाही."

टपालवालीला सर्दी होती. पाद्रीबाबांना होती, आणि त्यांनी ती हळू आवाजात सांगितली. रांगेमागून रांग उठत होती, रुमाल निघत होते, कोण शिंकतंय, कोण नाक ओढतंय. एवढ्या उन्हात अख्ख्या गावाला सर्दी! मला हसावं की रडावं कळेना, डोळे तर आधीच वाहत होते.

"पुरे, पुरे!" अध्यक्षांनी हातोडी आपटली. त्यांच्या स्वतःच्या नाकाशीही रुमाल होता, हे मी पाहिलं. "मिस्टर प्रूइट, खाली उतरण्याआधी एक सांगा. रानकांद्याच्या जाती तरी किती?"

"या राज्यात पन्नासेक, बाई."

"सगळ्या सर्रास सापडणाऱ्या?"

"नाही. काही फार दुर्मीळ आहेत."

"मग ही त्यातली कुठली?"

पेंडरग्रास उठला, "याचा इथे काय..." पण बाईंनी त्याला बसवलं. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. आत्तापर्यंत आयुष्यात मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर होतं. निदान मी दिलं तरी होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

बर्निसचा रुमाल नाकापासून खाली आला.

"कुणाला माहीत आहे?"

"आत्ता कुणालाच नाही. विद्यापीठातल्या डॉ. स्ट्रँड म्हणतात, बी धरल्याशिवाय सांगता येत नाही."

मिसेस ट्रुहिलोंनी सरळ लिहून घ्यायला सांगितलं: कांदा कुठला ते बी बघून ठरेपर्यंत टेकडीला कुदळ लागणार नाही. पेंडरग्रास पुष्कळ बोलला. उपयोग झाला नाही.

घरी येताना गाडी लुपेनं चालवली. मग म्हणाली, "'माहीत नाही' म्हणालास."

"हो."

"फार छान म्हणालास." आणि एका हातानं माझा हात धरून ठेवला, घर येईपर्यंत. उद्या मी तिच्याबरोबर नाकाच्या डॉक्टरकडे जाणार आहे.

१७ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, वाट बघा. लुपेनं स्वयंपाकघरात गॅस ओळखून बोंबलणारं यंत्र बसवलंय. ते मी टोस्ट केला तरी बोंबलतं.

मंडळाची बैठक झाली. अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. बर्निस म्हणाली, "बस खाली, नाटकं करू नकोस. नाकाशिवाय तुझ्यात आणि आमच्यात आता काय फरक राहिलाय?" बसलो.

२१ जून

डॉ. स्ट्रँड यांचा फोन होता: बी पिकलं असेल, दहा-बारा बोंडं पाठवा, आठवड्यात नाव सांगते. मी पाकीट घेऊन ऊन चढायच्या आत टेकडीवर गेलो. पाय जड झाले होते, खोटं कशाला लिहू. त्या पन्नासांत सर्रास सापडणारेच जास्त आहेत. नाव कळलं आणि ते साधं निघालं, तर पावसाळ्याआधी सुरुंग लागतील.

एकही बोंड नव्हतं. खडकांत सगळे दांडे उभे होते, टोकं तेवढी गायब. गुडघ्यावर बसून एकेक तपासला. सगळे एकाच उंचीवर, तिरपे, अगदी स्वच्छ कापलेले.

उतरताना बर्निस झऱ्याशी भेटली. बादली भरत होती. इतक्या लांब, या वयात, बादली घेऊन. एप्रनच्या खिशातून काहीतरी टोकदार वर आलेलं.

"मिळालं का बी, मास्तर?"

"नाही. खारींनी नेलं सगळं."

"अरेरे! मग आता?"

"मग पुढच्या वर्षी." मी वही काढून तिथेच उभ्यानं नोंद केली: यंदा बी धरलं नाही, खारींचा उपद्रव फार. खाली सही केली आणि तिच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणालो, "कात्री घरी जाऊन नीट धू, बर्निस. वास राहतो म्हणतात."